सरूआत्याचा घरचा पाय

आमच्या सरूआत्याच्या पाया पडून दाखवेल असा माणूस अख्ख्या कामरगावात नव्हता. दसऱ्याला सोनं द्यायला पोरं यायची, नवी जोडपी यायची, पण कोणी वाकलं रे वाकलं की आत्या दोन्ही पाय लुगड्यात ओढून खुडूक कोंबडीसारखी बसायची. "दुरूनच बाप्पा, दुरूनच! आशीर्वाद काय पायात रायते? तो तोंडात रायते. घे, शंभर वर्सं जग!" एकदा एक हट्टी जावई पाया पडल्याशिवाय जेवणारच नाही म्हणाला. आत्या उठली आणि मागच्या दारानं वांग्याच्या वाफ्यांत पळाली. पुढे आत्या, मागे फेटा सावरत जावई. शेवटी जावयानंच हात टेकले, आणि ते वांग्याच्या काट्यांवर टेकले.

गावाला वाटायचं, बाई मोठी विरक्त आहे. कसली विरक्त! तिच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं होतं, चांगलं सुपारीएवढं, आणि अंगठे शेजारच्या बोटांवर आडवे पडलेले. ती त्याला सुपारीच म्हणायची. "आज उजवी सुपारी लय ठसठसून राह्यली वं माय." पाया पडू न देण्याचं हे खरं कारण फक्त आमच्या घराला ठाऊक होतं. आणि सांगायला अजून लाज वाटते, पण सांगते: नाक मला मायचं आलं, रंग बाबांचा आला, आणि पाय आले आत्याचे.

आत्या बाबांची मोठी बहीण. लग्न होऊन कारंज्याला गेली होती. नवी नवरी उंबरठ्यावर तांदळाचं माप उजव्या अंगठ्यानं लवंडते ना, तिथंच घोटाळा झाला. आत्याचा अंगठा आडवा, त्यामुळे माप सरळ घरात जायचं ते उजवीकडे उडालं आणि सासूच्या हातातल्या आरतीच्या ताटावर पडलं. दिवा विझला. सगळ्या बाया हसल्या. सासू मात्र हसली नाही. तेव्हापासून त्या घरात काही सांडलं, काही विझलं, की नाव आत्याच्या पायांचं. काही वर्षांनी नवरा तापानं गेला, तेही पायांवरच आलं. मग बाबा बैलगाडी घेऊन गेले आणि तिला घेऊन आले.

आमचा बागाईत मळा होता. वांगी, मिरची, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन कारंज्याच्या बाजारात आत्याच बसायची. तिच्या वहाणा बघून लोक थांबायचे. चांभाराकडून तिनं दोन्ही वहाणांच्या बाजूला भोकं पाडून घेतली होती आणि त्यांना ती खिडक्या म्हणायची. "सुपारीले हवा लागाले पाहिजेन." बाजारात बसताना खिडक्यांवर पोतं टाकायची, पण उठली की खिडकीतून सुपारी बाहेर डोकवायची. मी तिच्या दहा पावलं मागं चालायची. मला तिची लाज वाटायची, आणि माझे स्वतःचे पाय आठवले की दुप्पट वाटायची.

मी मोठी होऊ लागले आणि आत्याला इलाजांचं वेड लागलं. इतकी वर्षं मुकाट सोसलेलं दुखणं एकदम कसं सलायला लागलं, कोणाला कळेना. एरंडाचं पान तेल लावून बांधून झालं. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून झाले. कोणीतरी बिब्बा सांगितला. बिब्ब्यानं हाड गेलं नाही, कातडी तेवढी गेली. माय म्हणाली, "रोगापरीस इलाज भारी झाला बाई." आत्या म्हणाली, "बिब्बा नाई चालत. समजलं ना? बिब्बा बाद."

जसं काही तिला कोणी परीक्षेला बसवलं होतं!

सगळ्यात मोठा तमाशा दोरीचा. दुपारी खाटेवर पडून तिनं अंगठा सरळ ओढून धरायला खाटेच्या पायाला दोरीनं बांधला. तेवढ्यात शेजाऱ्याचं वासरू मिरचीत शिरलं. आत्या "हाड! हाड!" करत उठली, आणि पुढे आत्या, मागे खाट, अशी वरात अंगणापर्यंत आली. वासरू खाट बघूनच पळालं. आम्ही हसून हसून बसलो. आत्या अंगठा चोळत म्हणाली, "दोरी बी बाद."

शेवटी जमलं ते एवढंच: रुंद वहाण, अंगठा आणि बोटाच्या मध्ये सरकीसकट कापसाचा बोळा, आणि संध्याकाळी ऊन पाण्याचा शेक. त्यानं हाड जागचं हललं नाही, पण ठणका कमी झाला. आत्यानं मलाही बोळे दिले. मी फेकून दिले. मला ठणक्याचं काय पडलं होतं! मला पाहायला लोक येणार होते. मुलीला चालून दाखवायला लावतात, पाय बघतात. त्या पायांमुळे आत्याचं घर मोडलं, तर माझं बसायच्या आधीच मोडणार, याच भीतीनं मी रडायची.

बाबांनी कारंज्याच्या कंपाउंडरकडून ऐकलं, की अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात सर्जन साहेब हे हाड कापून काढतो. ठरलं, मला न्यायचं. मी खूश झाले. गाडी जुंपली, आणि आत्या आपलं बोचकं घेऊन गाडीत चढून बसली. "आधी मी जातो. पोरगी मंग."

बाबा चिडले. "अवं, या वयात तुले कायले पाहिजेन सरळ पाय? कोन पाहून राह्यलं?"

"मले पाहाचे हायेत," आत्या म्हणाली आणि उतरलीच नाही.

माझा असा संताप झाला! जन्मभर पाय झाकून बसलेल्या म्हातारीला आताच नटायचं सुचलं, तेही माझ्या वाट्याचं. ती गेली तेव्हा मी घरातून बाहेरसुद्धा आले नाही.

महिनाभरानं ती परतली. बाबांनी तिला गाडीतून उचलून ओट्यावर ठेवलं. तोंड एवढंसं झालेलं, उजवा पाय फडक्यात गुंडाळलेला. साहेबानं एकाच पायाचं हाड कापलं होतं. सुपारी गेली होती, पण अंगठा सागवानी खुंटीसारखा ताठ झालेला. वाकत नव्हता, टेकत नव्हता. मी खांबाआड उभी होते. तिनं मला जवळ बोलावलं.

"तू नोको जाऊ वं पोरी. लय दुखते. गुंगीचं औषध उतरलं का जीव जाते. अन् साहेब म्हने, हे कापल्यावर बी रुंदच वहाण घालाची. मंग कापाचं कायले? मले पाहाचंच होतं, तुले कापू द्याव का नाई. कापनं बी बाद."

माय चुलीपुढून म्हणाली, "तुले अजून नाई समजलं का? तुया अंगठा वाकडा व्हाले लागला, त्याच साली हिचे इलाज सुरू झाले." बिब्बा, दोरी, खाट, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मला इतकी लाज वाटली, की तोंड कुठं लपवावं कळेना. पायांची लाज त्यापुढे काहीच नव्हती.

मला पाहायला मालेगावकडचे बागाईतदार आले. मी बसायच्या आत आत्या काठी टेकत पुढं झाली. "पोरीचे पाय वाकडे हायेत, चालनं सरळ हाये. पटते त पाहा, नाई त चहा पिऊन जा." मुलाची आई जोरात हसली. "आमाले मळ्यात माणूस पाहिजेन बाई, पाय काय देव्हाऱ्यात ठेवाचे हायेत?" लग्न ठरलं.

मग आत्यानं महिनाभर मला उंबरठ्यावर माप लवंडायला शिकवलं. "अंगठ्यानं नोको, तो दगा देते. चवड्यानं लोट. डावीकून." तांदूळ घरभर झाले, माय ओरडली, पण माप सरळ जायला लागलं.

निघताना मी सगळ्यांच्या पाया पडले. आत्यापुढं आले आणि सवयीनं दुरूनच हात जोडले. ती ओट्यावर बसली होती. मग तिनं सगळ्या वऱ्हाडादेखत लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं, उजवा पाय मागं सारला आणि डावा, सुपारीचा, माझ्यापुढं केला.

"याच्या पडजो," ती म्हणाली. "तो डाक्टरचा हाये. हा आपला."