आप्पांचे पेले आणि माझं नेटवर्क

"आप्पा, गोदामात असा एकही कोपरा राहणार नाही, जिथं स्कॅनर चालणार नाही!" मी छाती फुगवून सांगितलं.

मी मुज्तबा. पुण्याची नोकरी सोडून लातूरला स्वतःचा धंदा काढलेला, आणि आप्पासाहेबांचं हे गोदाम म्हणजे माझं पहिलंच काम. आत कोचिंग क्लासेसची पुस्तकं ठेवायची होती, आणि गठ्ठ्यांवरचे बारकोड वाचणारे स्कॅनर माझ्या वाय-फायवर चालणार होते. हे जमलं की त्यांच्या आणखी पाच गोदामांचं काम माझंच. नाही जमलं, तर अब्बा माझं पुण्याचं तिकीट काढायला टपलेलेच होते!

मे महिन्यात स्कॅनर हातात धरून मी अख्खं गोदाम पालथं घातलं. चार राउटर, जिकडंतिकडं सिग्नल फुल्ल! कोडं पडलं ते एकच. वर लोखंडी तुळईवर स्टीलच्या पेल्यांची उतरंड कशाला?

"त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं घर गेलं," आप्पा म्हणाले. "जमीन हालली की पेले आधी बोलत्यात. त्याला हात लावायचा न्हाई."

जूनमध्ये पुस्तकं आली. सोमवारी नवी बॅच, म्हणून शनिवारी आप्पांसमोर चाचणी ठेवली. सहा हमालांना सहा स्कॅनर दिले. गठ्ठ्यांमधल्या पहिल्या गल्लीत ठीक. दुसऱ्या गल्लीत सगळे मुके! घाबरायचं सोडून मला नवलच वाटलं. राउटर तेच, भिंती त्याच, मग सिग्नल जातो कुठं? मी चक्क एका गठ्ठ्याला कान लावला.

"साहेब, काय ऐकायलाव?" गठ्ठे रचणाऱ्या नागाबाईंनी विचारलं.

"सिग्नल कुठं अडतोय ते."

"तवा गोदाम रिकामं हुतं की! आता छतापत्तोर कागद हाय. माझी हाक पलीकडं जाईना, तुमचं काय जातंय?"

डिग्री माझी, अक्कल नागाबाईंची! राउटर गठ्ठ्यांच्या वर न्यावा म्हणून मी तडक शिडी चढलो. डोकं तुळईला आपटलं. खण्ण! खणखण! खणणणण!

"भूकंप! भायेर पळा!" आप्पा ओरडले.

गोदाम क्षणात रिकामं झालं. सत्तरीचे आप्पा मात्र दारातच थांबले, एकेकाला बाहेर ढकलत. "मुज्तबा कुठं हाय? अरे मुज्तबा!" त्यांचा आवाज फाटला होता. मी हातात पेला घेऊन बाहेर आलो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात दारावरच्या राउटरसमोर, मोकळ्या मैदानात सहाही स्कॅनर एकदम टींटीं करून जागे झाले. सिग्नल फुल्ल!

आप्पांनी स्कॅनरकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या पेल्याकडं.

"गल्लीगल्लीत एकेक राउटर टांगतो, आप्पा. उद्याच," मी पुटपुटलो.

"टांग. पर एक सांग, माझ्या पेल्यांचा आवाज कोणत्या कोपऱ्यात गेला न्हाई?"

मी पेला जागेवर ठेवायला शिडीकडं वळलो.

आप्पा शब्दाचे पक्के. सोमवारी पुस्तकं वेळेवर निघाली आणि पाचही गोदामांचं काम मलाच मिळालं. सध्या तिसऱ्यात आहे. पेले रचतोय. राउटरचं नंतर बघू, असं आप्पा म्हणाले!