उसनं नाक

"मालक, जरा नाक द्या," असं म्हणत आमचे चौगुले सर दार वाजवतात, तेव्हा आमच्याकडे हमखास कुणीतरी पाहुणा बसलेला असतो. सरांच्या हातात झाकलेली वाटी असते. ती ते थेट माझ्या नाकाखाली धरतात आणि पाहुण्याला सांगतात, "पावणं, तुमी नको. तुमचं नाक कॅलिब्रेट न्हाय."

माझं आहे. गुळाच्या अडतीवर आयुष्य गेलं; ढेप फोडायच्या आधी वासावरून जुना माल ओळखतो. ही बढाई मी एकदा सरांसमोर मारली आणि तिथंच फसलो.

सर वरच्या मजल्यावर स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहतात. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. बायको गेली, नंतर एका तापात त्यांना वास येणंही बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही. गेल्या पावसाळ्यात नासलेली आमटी खाऊन दवाखान्यात पडले, तेव्हापासून पुण्याची लेक पल्लवी मागे लागली आहे, की फ्लॅट विका आणि माझ्याकडे चला. सरांना कोल्हापुरातली ही शाहूपुरी सोडायची नाही. म्हणून त्यांनी नवं नाक बनवायला घेतलं.

"सोपं हाय की," ते म्हणतात. टायटॅनियम, ॲल्युमिनियम आणि कार्बन यांचे थर एकावर एक बसलेली पूड घ्यायची. ॲसिडनं मधलं ॲल्युमिनियम काढलं की उरलेल्या कार्बाइडचे पापुद्रे सुटे होतात. त्यांची काळी शाई पट्टीवर सारवली की झाला इलेक्ट्रोड. नासक्या अन्नाची वाफ पापुद्र्यांत शिरली की विजेचा प्रवाह बदलतो आणि यंत्रावरचा आकडा चढतो. मला हे पाठ आहे, कारण मी ते जेवताना, दाढी करताना आणि एकदा सासऱ्यांच्या तेराव्याला ऐकलेलं आहे. ॲसिडचं काम जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत चालतं, एवढी देवाची कृपा.

शाईला हवापाणी लागलं की ती पांढरी पडून वाया जाते. म्हणून बाटली राहते आमच्या फ्रिजमध्ये, कारण सरांचा फ्रिज "विश्वासाचा न्हाय". पट्टी मात्र त्यांच्या स्वयंपाकघरात. खाली आमच्या हिनं रश्श्याला फोडणी दिली की वर आकडा उडतो आणि सर जिन्यातून ओरडतात, "वैनी, काय जाळलं?" मध्यंतरी कार्बाइडवर रुसून त्यांनी कार्बनऐवजी नायट्रोजनचं नायट्राइड धरलं. मला वाटलं, सुटलो. तर वाट्या दुप्पट झाल्या. दोन्हींची तुलना करायची होती, आणि कुणाचा आकडा खरा हे ठरवणार माझं नाक.

"जावा की पुण्याला," हे कितीदा तरी माझ्या जिभेवर आलं.

मागच्या रविवारी पल्लवी आली. यंत्रानं नासलेलं ओळखलं तर फ्लॅटचा विषय बंद, नाहीतर सामान बांधायचं, असं ठरलं होतं. साक्षीला मीही वर गेलो होतो. तिनं स्वतः दोन वाट्या भरल्या, एक ताज्या आमटीची, एक नासलेल्या. बाहेर पावसाची झड लागलेली. दमट हवेत पापुद्रे पाणी धरून बसतात. आकडा दोन्ही वाट्यांवर सारखाच चढला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला खुर्चीतूनच वास येत होता. मी हळूच डावीकडे बोट केलं. त्यांनी ते पाहिलं. मग पट्टी पुसत म्हणाले, "इलेक्ट्रोड चुकला, पोरी. मला न्हाय सांगता येत."

माझं डोकंच फिरलं. "अवं, वाटी रोज माझ्याकडं येतीय की! खायचं का टाकायचं, मीच सांगतोय वर्षभर. फुडंबी सांगीन."

"रोज?" पल्लवीनं विचारलं. "मग पप्पा, हे यंत्र कशाला?"

सर पट्टीच पुसत राहिले. "ह्यास्नी किती तरास द्यायचा गं? त्यो वाचावा म्हणूनच करतोय की."

माझा त्रास वाचवायला या माणसानं मला वर्षभर छळलं होतं. राग यायला हवा होता, पण आला नाही.

पल्लवीनं पुण्याचं नावही काढलं नाही. ती भाकरी आणायला आत गेली. मी डावीकडची वाटी बेसिनमध्ये ओतली, उजवीकडची सरांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "ही चांगली हाय. जेवा."