पेंडसे काकांची तीन मिनिटं

पेंडसे काकांच्या खिशात टोमॅटोच्या आकाराचा एक किचन टायमर असायचा. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं पॉटलक असो की सत्यनारायण, काकांना चार लोकांत काही बोलायचं असलं की ते टोमॅटोला पीळ द्यायचे, तो टेबलावर ठेवायचे आणि नोंद व्हावी म्हणून बोलल्यासारखी सुरुवात करायचे, "फॉर द रेकॉर्ड..." तीन मिनिटांनी घंटी वाजली की वाक्य जिथे असेल तिथे टाकून देऊन जेवायला लागायचे. माझ्या मुलीच्या ग्रॅज्युएशनला "ही मुलगी पुढे" एवढ्यावर घंटी झाली. ती पुढे काय करणार हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

ही सवय सिटी कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची. टेक्ससमध्ये प्लेनोच्या पलीकडे आमचं छोटं उपनगर आहे. तिथे कौन्सिलच्या सभेत कुठल्याही नागरिकाला उठून तीन मिनिटं बोलता येतं. नागरिक सहसा उठत नाहीत, टीव्ही बघतात. काका उठायचे. रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर, मुलगी ओहायोत, आणि काकू गेल्यापासून एकाही सभेला दांडी नाही. विषय बहुतेक एकच. आमच्या वस्तीपासून लायब्ररीपर्यंत फुटपाथ नाही. काकूंना ड्रायव्हिंग येत नव्हतं. त्या वीस वर्षं पुस्तकांची पिशवी घेऊन गवताच्या कडेकडेने चालत गेल्या, आणि शेजारून गाड्या जात राहिल्या. काकूंचं हे काका सभेत कधी बोलले नाहीत. तिथे ते फक्त फूट आणि इंच सांगायचे.

दुसरा नाद यादीचा. इथे तुम्ही मत कुणाला दिलंत हे गुप्त असतं, पण दिलंत की नाही हे कुणालाही यादी मागवून बघता येतं. काका मागवायचे. आमच्या रस्त्यावर मत देऊ शकणारी आपली माणसं अकरा.

"राष्ट्राध्यक्षाला अकराच्या अकरा," ते भर पंगतीत सांगायचे. "आणि मे महिन्यात, आपल्या दारातलं गटार ज्यात ठरतं त्या निवडणुकीला, एक. तो मी. व्हाइट हाउसची काळजी करणारे भरपूर आहेत रे, तिथे तुमचं घर नाही."

"काका, डोहाळजेवण आहे," कुणीतरी म्हणायचं.

"मग त्या बाळाला फुटपाथ नको?"

एका वर्षी काका स्वतःच कौन्सिलला उभे राहिले. निवडून येण्याची आशा त्यांनाही नसावी. पाट्या त्यांनीच रंगवल्या, त्यांनीच ठोकल्या. माझ्याकडे आले तेव्हा चपलाही काढल्या नाहीत.

"बाकीचे गेले उडत. तू येशील ना?"

"म्हणजे काय, काका."

माझ्या बायकोचं अजून ग्रीन कार्डच आहे, मुलगी तेव्हा लहान होती. आमच्या घरात मत म्हणजे तेव्हा मी एकटा. मतदान शनिवारी होतं. ऑफिसच्या सॉफ्टवेअरचं रिलीज चाललं होतं, लॅपटॉप उघडा होता, मग जेवलो, मग जरा पडलो. डोळे उघडले तेव्हा सात वाजून गेले होते. लायब्ररीतलं मतदान केंद्र बंद झालं होतं.

निकाल ऐकायला काकांनी घरी बोलावलं होतं. जाताना गाडीच्या कप्प्यात नोव्हेंबरच्या निवडणुकीत केंद्रावर मिळालेला, 'मी मत दिलं' असं लिहिलेला स्टिकर सापडला. तो शर्टाला लावला. काकांनी दार उघडलं ते आधी माझ्या शर्टाकडे बघितलं. बोटाने स्टिकर नीट दाबून बसवला आणि मला दोन लाडू दिले. इतरांना एकेकच. काका सपाटून हरले.

काही आठवड्यांनी यादी आली. माझ्या नावापुढे खूण नव्हती. काका दारात उभे.

"फॉर द रेकॉर्ड, तुझं मत हरवलंय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "असं कसं?"

त्यानंतर काकांनी निवडणूक कार्यालयाला पत्रं लिहिली. उत्तर आलं, आमच्याकडे नोंद नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं. कौन्सिलमध्ये उठून तीन मिनिटं मागितली, ती मी घरी सोफ्यावर बसून ऑनलाइन बघितली. "माझ्या शेजाऱ्याचं मत कृपा करून परत एकदा शोधा," काका म्हणत होते. समोर बसलेल्यांपैकी एकाने घड्याळ बघितलं. पुढच्या पॉटलकला कुणीतरी म्हणालं, हरल्यापासून काका जरा सरकलेत यार. सगळे हसले. मीही हसलो. इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

गेल्या महिन्यात काकांनी घर विकलं, मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. सामान बांधायला मी गेलो. टेबलावर निवडणूक कार्यालयाच्या पत्रांची एक जाड फाईल होती, वर माझं नाव.

"काका, मला काही सांगायचंय."

त्यांनी टोमॅटोला पीळ दिला आणि माझ्यासमोर ठेवला. "बोल."

"मी त्या दिवशी गेलोच नव्हतो. स्टिकर जुना होता."

एवढंच होतं. उरलेला वेळ टोमॅटो टिकटिकत राहिला. काका खोक्याला टेप लावत राहिले. दुसऱ्याच्या वेळात त्यांनी कधी तोंड घातलं नव्हतं, तेव्हाही नाही घातलं. शेवटी घंटी झाली.

"कडेला धूळ होती त्याच्या," काका म्हणाले. "लावला तेव्हा बोटाला लागली."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस." त्यांनी टेप दातांनी तोडली. "मग या रस्त्यावर परत मी एकटाच."

त्यांनी फाईल खोक्यात सगळ्यात वर ठेवली, काकूंच्या पुस्तकांवर. हे बोलताना ते 'फॉर द रेकॉर्ड' म्हणाले नव्हते.