शेषरावभाऊंची पास झालेली जोडी

शेजारचे शेषरावभाऊ कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरले की आधी कुकर पाहतात. "वहिनी, ही शिट्टी ह्याच कुकरची हाय ना? जोडी पास झालेली हाय ना?" शिट्टी दुसऱ्या कुकरची निघाली, तर त्या घरचा वरणभात ते खात नाहीत.

बाळांनो, तुमचे हे लाडके 'अँटेनाआजोबा' बिनतारी यंत्रांना मंजुरी देणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन अंबाजोगाईला आले. बायको गेली, मुलगा परदेशात. रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल लागला की भाऊ येऊन टेकतात, आणि तुम्ही लगेच, "आजी, आजोबांना दे ना!" आठवड्यातून एकदा भेटता, त्यातला अर्धा वेळ ते नेतात. मला हेवा वाटतो. लपवून काय करू?

गेल्या रविवारी धूळ पुसताना माझ्या राउटरचा अँटेना मोडला. बाजारातून चांगला हातभर लांब आणला. आता माझी रेंज भाऊंपेक्षा भारी, या विचाराने बरंही वाटलं. तेवढ्यात ते आलेच.

"हे कावून लावलं?"

"रेंज वाढते."

"वाढंल की! पण मंजुरी राउटरच्या डब्याला आन् अँटेनाला मिळून असती. बदलायचाच तर त्याच जातीचा, ताकद तेवढीच न्हाईतर कमी. हा लई दांडगा. परत तपासल्याबिगर लावायचा न्हाई. शेजाऱ्याच्या सिग्नलवर वरडंल."

"शेजारी तुम्हीच आहात."

"म्हणूनच म्हनतो!"

त्यांनी तो काढूनच ठेवला. कॉलची वेळ होत आलेली. "माझी नातवंडं मला दिसणार नाहीत. तुमचं काय जातं?" मी चिडून बोलले. ते उठून निघून गेले.

परत आले ते स्वतःच्या राउटरचा अँटेना घेऊन. दोघांचे राउटर एकाच मॉडेलचे. "ही जोडी पास हाय," म्हणत त्यांनी तो फिरवून बसवला.

"आणि तुमच्या मुलाचा कॉल आला तर?"

"त्यो कुठं करतोय, वहिनी."

तुम्ही पडद्यावर आलात आणि पहिला प्रश्न, "आजोबा कुठेत?" ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. मी तेव्हा कुठे त्यांच्याकडे नीट पाहिलं. एरवी बनियनवर वावरणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून आला होता.

मी फोन त्यांच्या हातात दिला आणि चहा ठेवायला गेले. हेवा वाटतच होता. तरी गॅस बारीकच ठेवला, चहाला घाई नव्हती.