चिखलात जायचे बूट

आमचे घरमालक व्यंकटअण्णा रोज सकाळी पाण्याने भरलेल्या घमेल्यात उभे राहून पेपर वाचायचे. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली आणि पायात मोटारसायकलवाल्यांचे काळे, दांडगे, नडगी झाकणारे, चार-चार बकलांचे बूट. तासाभराने खुर्चीवर बसून ते बूट काढत, आत कोंबलेला कालचा पेपर बाहेर ओढत आणि उजेडात धरून निरखत. पेपर कोरडा निघाला की त्यांचा चेहरा पडायचा.

"कोरडा हाय, सर. कायतरी गडबड हाय."

मी मूळचा मुदखेडचा. लातुरात क्लासेसचं पीक आलं तेव्हा फिजिक्स शिकवायला इथे आलो आणि अण्णांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो. खालच्या चार खोल्यांत डॉक्टर व्हायला आलेली पोरं. मला खोली देण्याआधी अण्णांनी माझं आधारकार्ड उलटसुलट पाहिलं, मग गुरुत्वाकर्षण म्हणजे काय ते विचारलं आणि माझं उत्तर खालच्या पोरांकडून तपासून घेतलं. तिघांचं एकमत झाल्यावर किल्ली मिळाली. "तुमच्यावर भरोसा हाय, पर बघून घ्यावं लागतंय," हे त्यांचं पालुपद. दूधवाल्यालाही हेच, डॉक्टरलाही हेच.

हा संशय त्र्याण्णवच्या भूकंपानंतरचा, असं गल्लीत म्हणत. ज्याच्या पायाखालची जमीनच फिरली, तो कशावर विश्वास ठेवील? नवं घर बांधताना अण्णा गवंड्याच्या शेजारी बाज टाकून बसले होते म्हणे. सिमेंटच्या प्रत्येक घमेल्यात बोट घालून बघायचे.

बूट त्यांनी माझ्याच फोनवरून मागवले. त्यासाठी तीन आठवडे माझा फोन संध्याकाळी त्यांच्याकडे असे. स्वस्तातला जोड नको, तो फसवणार हे ठरलेलं. महागातला तर नकोच, तो ऐटीत फसवतो. "मधला घ्या. मधला फसवला तरी जरा लाजून फसवंल." असा तो मधला जोड घरी आला.

मग परीक्षा सुरू झाल्या. घमेल्याची मी सांगितलीच. लातुरात पाणी वाया घालवणं म्हणजे पाप, म्हणून तेच पाणी आठवडाभर वापरून शेवटी लिंबोणीला जायचं. दुसरी परीक्षा नडगीची. अण्णा स्वतःच्या पायावर हातोडी मारून घेत आणि आतून काही कळलं का याचा विचार करत बसत. तिसरी गाडीची. बुटाचा तळ इतका जाड की गिअर पायाला लागेचना. मुरुडपर्यंत सगळा रस्ता ते दुसऱ्या गिअरवर गेले आणि इंजिनच्या बोंबलण्याचा दोष पेट्रोलपंपावर टाकला. उन्हाळ्यात बुटात पाय उकडून निघत. पहिले पंधरा दिवस घोटा वाकतच नव्हता, त्यामुळे जिना ते आडवे उतरत. तो धाडधाड आवाज आला की खालची पोरं पटापट पुस्तकं उघडायची. पोरांच्या अभ्यासात त्या बुटांचा वाटा माझ्याहून मोठा आहे, हे मी मान्य करतो.

पण मला संशय येत होता तो वेगळाच. साठी ओलांडलेल्या माणसाला असले बूट कशाला? त्यातून श्रावण जवळ आला तसं त्यांनी हिरवं लुगडं आणून कपाटात ठेवलेलं मी पाहिलं. मी मनातल्या मनात काय काय जुळवलं ते सांगत नाही, आज त्याची लाज वाटते.

शेवटी अण्णांच्या बायकोला, काकूंनाच विचारलं. काकू हसल्याही नाहीत. अण्णांची थोरली बहीण इंदरअक्का औशापलीकडे दिली आहे. नागपंचमीला बहिणीला माहेरी आणायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून जातो, तसे अण्णा दरवर्षी जातात आणि दरवर्षी एकटे परत येतात. भूकंप झाला त्या वर्षापासून अक्का माहेरी आलेली नाही. नव्या वसाहतीतल्या पक्क्या घरात ती राहत नाही, शेतात पत्र्याच्या खोलीत राहते. तिथे जायला काळ्या मातीची पांद, शेतांमधली कच्ची वाट. अण्णा अनवाणी, गुडघाभर चिखलात तिच्या दारापर्यंत जातात. ती दारातूनच एवढंच विचारते, "यंदा चिखल न्हाई वाटतं?" आणि आत जाते.

"का पण?" मी विचारलं.

"त्या साली ह्ये आणाया गेले न्हाईत," काकू म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

बूट कशासाठी होते ते आता कळलं. चिखलाला भीत नाही, आता तो आपल्याला अडवणार नाही, एवढंच अण्णांना बहिणीला दाखवायचं होतं. आणि अक्काचं वय सत्तरीकडे झुकलेलं. अजून किती पंचम्या?

पंचमीच्या दिवशी त्यांनी मलाही गाडीवर घेतलं. म्हणाले, बूट तुमच्या फोनवरून आलेत, जबाबदारी तुमची. चार दिवस झड लागली होती. पांदीत शिरलो आणि शंभर पावलांत चाक आणि मडगार्डच्या मध्ये माती गच्च बसून गाडी जागीच थांबली. तिथून पायी. माझी उजवी चप्पल चिखलाने गिळली ती गिळलीच. अण्णा मात्र पुढे चालत होते. पावलागणिक माती चढून बूट पायलीएवढे झाले होते, पण घसरले नाहीत. एक नाला आडवा आला, त्यातूनही ते सरळ गेले. "अजून तरी कोरडं हाय," असं त्यांनी दर दहा पावलांनी मला सांगितलं, पण आवाजात धाकधूक होती.

अक्का दारातच होत्या. बारीक, ताठ, कपाळावर मोठं गोंदण.

"यंदा चिखल न्हाई वाटतं?"

अण्णांनी नुसते पाय पुढे केले. अक्कांनी बूट पाहिले आणि आत वळल्या. अण्णा उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. पायताण घालून बहिणीच्या घरात कसं जाणार? वाकले, बकलाला हात घातला. बकलं मातीने लिंपून गेली होती. बोटं घसरायला लागली, पोट आडवं यायला लागलं. मी ओढून पाहिलं. एक बकल हलेना. सहा महिने या माणसाने पाणी, हातोडी, ऊन, सगळं तपासलं होतं, पण काळी माती बकलात बसल्यावर काय होतं ते पाहायचं राहून गेलं. पत्र्याच्या फटीत विळा खोचलेला दिसला. मी म्हणालो, पट्टे कापून टाकू.

"पंचमीला कापत न्हाईत," आतून आवाज आला.

अण्णा तसेच उंबऱ्याबाहेर उभे. मग लहान मुलासारखे म्हणाले, "अक्का, ह्ये निघंना."

बऱ्याच वेळाने अक्का तांब्या आणि तुरीची काडी घेऊन बाहेर आल्या. अण्णांना ओट्यावर बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि काडीने एकेका बकलातली माती कोरायला लागल्या. वर न बघता म्हणाल्या, "सुमी तीन दिस गठुडं घिऊन बसली व्हती. मामा येतो, झोका खेळाया न्हेतो म्हणून. उठवली तरी उठंना."

सुमी ही अक्कांची मुलगी, सात वर्षांची. पुढे सव्वादोन महिन्यांत भूकंप झाला आणि ती घराखाली गेली. हे मला नंतर कळलं, पण त्या क्षणीही कळायचं फारसं बाकी नव्हतं.

"तू सांगितलास एसटी बंद व्हती."

अण्णांची मान खाली. "चालू व्हती, अक्का. फाट्यापसून चिखलातून चालाया नको वाटलं. भ्यालो न्हाई, कंटाळा केलो."

इतकी वर्षं हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नसावं. मला तिथे उभं राहवेना. अक्कांचा हात थांबला होता. मग त्यांनी पुन्हा काडी चालवली. शेवटचं बकल सुटलं, दुसराही पाय बाहेर आला. मोजा कोरडा होता. अक्कांनी तो काढला आणि कोरड्याच पायावर तांब्यातलं ऊन पाणी घातलं, मुऱ्हाळ्याच्या पायावर घालतात तसं. अण्णा हमसून हमसून रडले.

पंचमीची पुरणाची दिंडं खाऊन झाल्यावर अक्का अण्णांनी पिशवीतून आणलेलं ते हिरवं लुगडं नेसून बाहेर आल्या. खोलीला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. बहीण-भाऊ एकाच मातीचे, एवढं मला पटलं. पांदीत तिघांनी मिळून चाकातली माती काढली. मागची सीट एकच, त्यामुळे मी एका चपलेनिशी फाट्याकडे चालायला लागलो. गाडी माझ्याजवळून गेली तेव्हा अक्कांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि पावसात भिजू नये म्हणून पदर दोघांच्याही डोक्यावर धरला होता.