गजाभाऊ आणि पिठ्या ढेकूण

गजाभाऊ आमच्या घरी आले की आधी खिडकीकडे जायचे. माणसांकडे नंतर. खिशातून भिंग काढायचे, कोरफडीचं पान बाजूला करायचे आणि म्हणायचे, "वहिनी, पानाच्या बुडाशी बघितलंत कधी?" मी कशाला बघते? मला स्वतःच्या गुडघ्यांकडे बघायला वेळ नव्हता.

ही इंग्लंडातल्या लेस्टरमधली गोष्ट, सत्याऐंशीच्या आसपासची. गजाभाऊ आमच्या रस्त्यावर चार घरं सोडून राहायचे. कामाला होते ती होजिअरीची फॅक्टरी बंद पडली तेव्हा पन्नाशीचे होते. लग्न केलेलं नव्हतं. मग जाड पानांची झाडं जमवली आणि साऱ्या मराठी घरांतल्या कुंड्या तपासायला लागले. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं की चेहरा खुलायचा. "पिठ्या ढेकूण!" नातू झाल्याचं सांगावं तसं ओरडायचे. मग स्पिरिटमध्ये कापसाची काडी बुडवून एकेक ढेकूण टिपत तासभर बसायचे. घरची बाई मात्र लाजेने अर्धी व्हायची. 'तुम्ही लोक अस्वच्छ' हे गोऱ्या घरमालकिणींकडून आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. ढेकूण हा शब्दच नको वाटायचा.

माझ्याकडे दोनदा सापडले. दोन्ही वेळा शेजारच्या विमलसमोर. ते मी विसरले नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलात जाताना घराची किल्ली माझ्याकडे दिली. "पाणी घालू नका, वहिनी. फक्त पडदे उघडा."

पहिल्याच दिवशी पडदे उघडले, तर गुलाबाच्या फुलासारख्या दिसणाऱ्या एका जाड पानांच्या झाडावर पांढरी भुकटी. प्रत्येक पानावर! मला इतका आनंद झाला की आता सांगायला लाज वाटते. झाडाला हात लावायच्या आधी मी विमलला फोन केला. "अगं, ढेकूणवाल्याच्याच घरात ढेकूण!" संध्याकाळपर्यंत सगळ्या मराठी मंडळाला कळलं होतं.

मग घासणी, भांड्यांचा साबण, स्पिरिट. पानं हिरवीगार, लखलखीत करून टाकली.

गजाभाऊ घरी आले. त्यांनी भिंग काढलं नाही. नुसतं पानावर बोट फिरवलं.

"ही कीड नव्हती, वहिनी. ती झाडाची स्वतःची पावडर. उन्हापासून सांभाळते. कीड बेचक्यात गोळा होऊन बसते, चिकट लागते. ही सगळीकडे सारखी होती ना?"

"परत येईल?"

"या पानांवर नाही."

आठवड्याभरात ती पानं करपली.

मंडळाच्या गणपतीत विमलने सगळ्यांदेखत विचारलं, "काय गजाभाऊ, तुमच्याकडेच निघाले म्हणे!" मी ताटाकडे बघत राहिले. आता हा माणूस माझं नाव घेणार.

"निघाले खरे," गजाभाऊ म्हणाले. "वहिनी होत्या म्हणून साफ झाले."

सगळे हसले. मीही हसले.

त्यानंतर त्यांना कुणी बोलावेना. आपली कुंडी त्यांना कशाला दाखवा? रस्त्यात भेटले तर ते नुसती मान हलवून पुढे जायचे. आमच्यात एकट्या पुरुषाला उगाच कुणी घरात घेत नाही. कुंड्यांच्या निमित्ताने चार घरी बसायला मिळायचं, तेही मी बंद केलं होतं. एवढं कळायला मला दिवाळी उजाडली.

माझी कोरफड नेमकी तेव्हा ठणठणीत. मग बाजारात जाऊन एक किडकी पानफुटी हुडकली. गोरा दुकानदार म्हणाला, "ती नको, लव्ह. दुसरी देतो." मी म्हटलं, हीच. घरी आले आणि गजाभाऊंना फोन केला.

त्यांनी बराच वेळ भिंगातून बघितलं.

"ही तुमच्या घरात लागलेली नाही. अशीच आणलीत."

मी स्पिरिटची बाटली पुढे सरकवली.

त्यांनी काडी स्पिरिटमध्ये बुडवली. "अंडी मागे राहतात. तीन आठवडे रोज बघावं लागेल."

"या," मी म्हटलं. विमलला खरं काय ते सांगते, असं पुढे म्हणायचं होतं. ते मी म्हटलं नाही. विमलला सांगितलंही नाही.