गिताबाईंना एजंट मिळतो

निमोण्याच्या गिताबाई कोळपे यांनी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी नटी व्हायचा निर्णय घेतला, आणि तो पूर्ण विचारांती घेतला. स्वच्छता अभियानात बचत गटानं शौचालयावर एक छोटं नाटक बसवलं होतं. त्यात त्या हट्टी सासू झाल्या होत्या. शेवटी ही सासू खचून ओट्यावर बसते आणि सुनेचा हात धरते, तेव्हा पाहणीला आलेले अधिकारी स्वतःचं भाषण विसरले. गावातली शौचालयं किती वाढली याची आकडेवारी उपलब्ध नाही. पण त्या दिवसापासून गिताबाईंना भाकरी थापतानाही वाटू लागलं, की आपल्या अंगात आणखी चार-पाच बाया दडलेल्या आहेत आणि त्यांना बाहेर यायचंय.

त्यांची भाची भाग्यश्री दौंडला कॉलेजात शिकते. तिनं माहिती काढली.

"आत्या, तुला एजंट लागंल. त्याच्याबिगर कुणी दारात उभं करत न्हाई."

गिताबाईंचे यजमान म्हस्कू म्हणाले, की जमिनीचा एजंट हाये, विम्याचा हाये, हे मातूर नवीन ऐकतोय. तरी पहिल्या दिवशी तेच त्यांना मोटारसायकलवर शिरूरला घेऊन गेले. तिथं त्यांच्या ओळखीचा एक एजंट गाडीचे परवाने काढून देत असे. त्याच्या धंद्यात 'नाही' हा शब्द नव्हता. त्यानं आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो मागून घेतले, अभिनयाचं आधी लर्निंग काढू, मग पक्कं काढू म्हणाला, आणि रडायची कामं करणार असाल तर जड वाहनात धरावं लागेल, अशी शंकाही काढली. फोटो मात्र त्यानं परत दिले नाहीत.

खरा एजंट सापडला शिक्रापूरला, हायवेवर, टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. त्यांचं नाव इंद्रजीत सर. खाली ट्रकनं हॉर्न दिला की सर वाक्य मध्येच थांबवत आणि हॉर्न संपल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करत. त्यांनी अनुभवाचा रकाना उघडला.

"याआधी काम केलंय?"

"न्हाई. त्येच मिळावं म्हनून आलेय."

"काम केलेल्या कलाकारांनाच आम्ही घेतो, मॅडम."

"आन् काम कुनाला मिळतं?"

"ज्यांना एजंट आहे त्यांना."

गिताबाईंनी हे दोनदा मनात घोळवलं. नियमात कुठंही चूक नव्हती. मग अनुभवाऐवजी एखादा सरकारी दाखला चालेल का, असं त्यांनी विचारलं. सरांनी जरा विचार केला. असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, आणि सरकारी शिक्क्याला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. ते हो म्हणाले.

ग्रामपंचायतीत अभिनयाच्या दाखल्याचा नमुना नव्हता. ग्रामसेवकांनी बरीच शोधाशोध करून हयातीच्या दाखल्याचा नमुना घेतला आणि त्यात चार शब्द वाढवले: 'सदर महिला आज रोजी हयात असून अभिनय करतात.' खाली गोल शिक्का. इंद्रजीत सरांनी तो दाखला उजेडात धरून पाहिला आणि गिताबाईंची नोंदणी 'ग्रामीण सासू' या गटात केली. प्रोफाइलसाठी घरासमोर उभं राहून फोटो काढून पाठवा म्हणाले. भाग्यश्रीनं तो मोबाइलवर काढला.

आता फक्त प्रशिक्षण बाकी होतं. ग्रामीण गटाला ग्रामीण भाषेची कार्यशाळा सक्तीची होती. ती अनुपमा मॅडम घेत. मॅडम पुण्याच्या. त्यांनी चार दिवसांच्या कृषी पर्यटनात गाव फार जवळून पाहिलं होतं. त्यांनी गिताबाईंना प्रसंग दिला, की सुनेला चहा प्यायला बोलवा.

"च्या निवला बघ," गिताबाई म्हणाल्या. "घे की."

मॅडमनी मान हलवली. "ताई, गावाकडच्या बायका अशा बोलत नाहीत."

गिताबाईंना वाटलं, असेल. आपण तर गावाच्या बाहेर फारसं गेलोच नाही, आपल्याला काय ठाऊक. त्यांनी नम्रपणे विचारलं, की मग कशा बोलतात. मॅडमनी कमरेवर हात ठेवायला, डोळे मोठे करायला आणि प्रत्येक वाक्याआधी 'अगं बया' म्हणायला शिकवलं. आठ रविवार हे चाललं. तिसऱ्या रविवारनंतर म्हस्कूंनी घरी पाणी मागितलं, तेव्हा आलेलं उत्तर ऐकून त्यांनी डॉक्टरला बोलवू का म्हणून विचारलं. परीक्षेत गिताबाईंना भाषेत पस्तीस गुण पडले. शेरा होता: 'उच्चारांवर स्थानिक प्रभाव जाणवतो.'

दोन महिन्यांनी सरांचा फोन आला. एका मोठ्या मालिकेत निवड झाली होती. गिताबाईंनी आळीत पेढे वाटले आणि त्या रात्रभर जाग्या राहिल्या. आठवड्यानं चार माणसं टेप घेऊन आली आणि भिंती मोजू लागली, तेव्हा उलगडा झाला. निवड घराची झाली होती. प्रोफाइलच्या फोटोत गिताबाईंच्या मागं ते दिसत होतं आणि निर्मात्यांना फार भावलं होतं.

पाठोपाठ गिताबाईंच्या पाच साड्यांची निवड झाली. चुलीची झाली. म्हशीची तर चाचणी न घेताच झाली. तिच्या वावरण्यात सहजता आहे, असं दिग्दर्शक म्हणाले. घराचे अधिकृत एजंट म्हणून करारावर इंद्रजीत सरांची सही झाली. तीन वर्षं रंग द्यायचा नाही, पत्रा बदलायचा नाही आणि घरानं दुसऱ्या कोणत्याही मालिकेत काम करायचं नाही. गिताबाईंना गळ्यात घालायला एक कार्ड मिळालं. त्यावर लिहिलं होतं, 'परवानगीप्राप्त अभ्यागत'. म्हस्कूंना कार्ड मिळालं नाही. एकदा ते धारेची किटली घेऊन स्वतःच्या दारात दीड तास उभे होते, कारण आत त्यांच्या कॉटवर कुणीतरी मरत होतं आणि ते नीट जमत नव्हतं.

सासूच्या भूमिकेत मुंबईहून एक बाई आल्या होत्या. स्वभावानं चांगल्या होत्या. पण त्यांना रडू येईना. गेलेल्या मुलाचा सदरा घडी करायचा प्रसंग होता. अकरा वेळा झाला, अकरा वेळा सदऱ्याची घडी तेवढी छान पडली. शेवटी दिग्दर्शकांनी कोपऱ्यातल्या गिताबाईंना विचारलं, की मावशी, तुम्ही कशी घातली असती घडी?

गिताबाईंनी सदरा घेतला. त्या घडी घालू लागल्या आणि मध्येच थांबल्या. कॉलरची आतली बाजू, जिथं घामाचा पिवळा डाग पडतो, ती त्यांनी अंगठ्यानं घासून पाहिली. मग हा सदरा आता धुवायचा नाही, हे कळल्यासारखा तो तसाच मांडीवर ठेवला. लाइट धरणारा बिहारचा माणूस तोंड फिरवून उभा राहिला. मुंबईच्या बाईंनी पदरानं डोळे पुसले. तो पदरही गिताबाईंचाच होता.

दिग्दर्शकांनी नाक पुसलं. मग ते मुंबईच्या बाईंकडे वळले.

"बरोब्बर हेच. मॅडम, आता हे तुम्ही करा."

त्या बाईंनी केलं, आणि खरोखर चांगलं केलं. तो भाग राज्यभर गाजला. श्रेयनामावलीत शेवटी 'निमोणे ग्रामस्थांचे आभार' असं आलं आणि गेलं. गिताबाईंनी इंद्रजीत सरांना फोन केला, की आता तरी अनुभव धरणार का. सरांनी तपासून सांगितलं, की झालेला अनुभव स्थावर मालमत्तेच्या खात्यात पडलाय, तो व्यक्तीच्या नावावर वर्ग करायची सोय नाही.

आता रविवारी निमोण्याला गाड्या येतात. मागच्या आठवड्यात पुण्याहून एक सुशिक्षित कुटुंब आलं. ती मंडळी मालिकेचा एकही भाग चुकवत नाहीत. चूल दिसताच त्यांच्यातल्या बाईंचे डोळे भरून आले. "इथंच बसल्या होत्या त्या सासूबाई," त्या मुलांना म्हणाल्या, "बघा, खरी माणसं अशी असतात." सगळे चुलीभोवती बसले. तेवढ्यात गिताबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"आजी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

गिताबाई बाजूला झाल्या. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते टिपायला तिथं कॅमेरा होता, पण त्याचं तोंड दुसरीकडं होतं.

फोटो छान आलाय. खाली ओळ आहे, 'अस्सल गाव, अस्सल माणसं.' साडेचारशेच्या वर लाइक पडले आहेत. त्यातला एक, वाचकहो, आपला आहे का, ते जरा मोबाइल उघडून पाहून घ्यावं.